माणूस समजून घेणारी विदुषी : डॉ. इरावती कर्वे

सुवर्णमहोत्सव म्हणजे पन्नास वर्षांचा काळ. माणसांच्या हिशेबात तो दोन पिढ्यांचा असतो. संस्थेच्या स्थापनेच्या वेळी ज्यांनी तरुण खांद्यांवर भार उचलला, ते सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी एकतर स्मृतिरूपाने आपल्यात असतात किंवा समारंभात पुढच्या रांगेत ज्येष्ठ म्हणून बसलेले असतात. अशा प्रसंगी एक प्रश्न सहज मनात येतो. कोणताही समाज ‘आपली माणसे’ कोणाला म्हणतो? घरातील वृद्ध, विधवा, सासरी नव्याने आलेली मुलगी, दुसऱ्या गावाहून विस्थापित होऊन आलेले कुटुंब, वेगळ्या जातीचा शेजारी यांना तो आपल्या पंगतीत कोठे बसवतो? हा प्रश्न भावनेचा आहे तसाच तो अभ्यासाचाही आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाचा शास्त्रीय पद्धतीने, गावोगाव पायपीट करून आणि आयुष्यभर पाठपुरावा ज्यांनी केला, त्यांत डॉ. इरावती कर्वे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ‘युगान्त’ या ग्रंथाच्या लेखिका म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. परंतु मानववंशशास्त्र आणि समाजशास्त्र या क्षेत्रांतील त्यांचे संशोधन सामान्य वाचकापर्यंत तितकेसे पोहोचलेले नाही. त्या जीवनकार्याचा हा अल्प परिचय.

बालपण आणि शिक्षण

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंजान येथे झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या व्यवसायातील एका कंपनीत नोकरीस होते. खामगाव-मलकापूरच्या वाचकांना जिनिंगचा आवाज आणि सरकीचा वास वेगळा सांगायला नको. वऱ्हाडाप्रमाणेच ब्रह्मदेशातही कापसाने अनेक कुटुंबांना दूरदेशी नेऊन वसवले होते. ज्या नदीच्या काठी हे कुटुंब राहात होते त्या इरावदी नदीवरून मुलीचे नाव इरावती ठेवण्यात आले.

वयाच्या सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना पुण्याच्या हुजूरपागा शाळेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. आई-वडील समुद्रापलीकडे आणि मुलगी पुण्यात, अशी ही स्थिती होती. शाळेत शकुंतला परांजपे यांच्याशी त्यांची मैत्री झाली. शकुंतलाबाईंचे वडील रँग्लर र. पु. परांजपे हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. परांजपे दांपत्याने या मुलीला आपल्या घरी ठेवून घेतले आणि मुलीप्रमाणे वाढवले. रक्ताचे नाते नसताना एक कुटुंब परक्या मुलाला आपले कसे करते, याचा हा अनुभव त्यांना बालपणीच मिळाला. पुढे आप्तसंबंधांच्या शास्त्राचा अभ्यास करणाऱ्या विदुषीच्या आयुष्यात ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ग्रंथांनी, वादविवादांनी आणि मोकळ्या विचारांनी भरलेल्या त्या घराने त्यांच्या बुद्धीला दिशा दिली.

१९२६ साली तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यानंतर दक्षिणा शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ साली एम. ए. ची पदवी संपादन केली. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांची स्वतःचीच जात. ज्या समाजात आपण जन्मलो त्याकडेच तटस्थपणे, एखाद्या परक्याच्या नजरेने पाहण्याची ही पहिली परीक्षा होती.

दरम्यान त्यांचा विवाह महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे अध्यापक होते आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. महर्षींनी १८९३ साली विधवेशी विवाह करून समाजाचा बहिष्कार सोसला होता आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली होती. समाज एखाद्याला बाहेर कसा ठेवतो आणि त्याला पुन्हा आत आणण्यासाठी काय किंमत मोजावी लागते, हे या घराला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

बर्लिनमधील कसोटी

दिनकररावांनी स्वतः जर्मनीत उच्च शिक्षण घेतले होते. पत्नीनेही तेथे जाऊन संशोधन करावे अशी त्यांची इच्छा होती. आश्चर्याची गोष्ट अशी की, स्त्रीशिक्षणासाठी देह झिजविणाऱ्या महर्षींना सुनेचे हे परदेशगमन मान्य नव्हते. थोर माणसांच्याही विचाराला कोठेतरी कुंपण असते. मात्र दिनकरराव आपल्या निर्णयावर ठाम राहिले. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई जर्मनीस रवाना झाल्या.

बर्लिन येथील कैसर विल्हेल्म संस्थेत मानववंशशास्त्र आणि आनुवंशिकता या विषयांचे संशोधन चालत असे. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्या काळातील युरोपात मोठे नाव होते. माणसांचे वंश उच्च-नीच असतात आणि ते शरीराच्या मोजमापावरून सिद्ध करता येते, अशा विचारसरणीचे ते पुरस्कर्ते होते. पुढे याच विचारसरणीने जर्मनीत केवढा संहार घडवला हे जगाला ठाऊक आहे.

फिशर यांनी इरावतीबाईंना दिलेला विषय होता मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील विषमता. युरोपीय माणसाची बुद्धी श्रेष्ठ असल्यामुळे त्याच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू इतर वंशांच्या तुलनेत अधिक असमान असणार, असे गृहीत त्यामागे होते. इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्यांची काटेकोर मोजमापे घेतली. त्यांत युरोपातील माणसांच्या कवट्या होत्या, तशाच आफ्रिकेतील जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. ज्यांच्या अस्थी अशा रीतीने परदेशात कपाटात येऊन पडल्या, त्या माणसांवर काय गुदरले असेल याची कल्पना वसाहतीतूनच आलेल्या या तरुणीला आली नसेल असे म्हणवत नाही.

मोजमापे हाती आली तेव्हा दिसले ते असे : विषमता सर्वच माणसांच्या कवट्यांत थोडीफार आढळते, परंतु वंशाशी तिचा काही संबंध जोडता येत नाही. आता प्रश्न शास्त्राचा राहिला नव्हता. मार्गदर्शक सर्वशक्तिमान, देश परका, डोक्यावर कर्ज, वय अवघे पंचविशीच्या आत आणि पदवी त्याच मार्गदर्शकाच्या हाती. निष्कर्ष थोडा मोघम शब्दांत मांडला असता तर कोणी जाब विचारला नसता. इरावतीबाईंनी मात्र जे दिसले तेच लिहिले. प्रबंधाला वरची श्रेणी मिळाली नाही, तरी डॉक्टरेट मिळाली आणि १९३० च्या सुमारास त्या मायदेशी परतल्या. पुरावा आणि अधिकार समोरासमोर आले तर अधिकाराकडे पाठ फिरवून पुराव्याच्या बाजूने उभे राहायचे, हा धडा त्यांनी आयुष्यभर गिरवला.

डेक्कन कॉलेजची तीन दशके

भारतात परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी मुंबईस महर्षींनीच स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात, म्हणजे आजच्या एस.एन.डी.टी. विद्यापीठात, प्रशासकीय जबाबदारी सांभाळली. परंतु त्यांचे मन कार्यालयात रमणारे नव्हते. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुनरुज्जीवन झाले आणि तेथे त्या समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या. पुढे समाजशास्त्र व मानववंशशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. १९४७ साली दिल्ली येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या मानववंशशास्त्र शाखेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

या तीन दशकांत त्यांनी केलेल्या कामाचा आवाका थक्क करणारा आहे. पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांच्यासमवेत त्या गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात सहभागी झाल्या आणि तेथे सापडलेल्या अश्मयुगीन मानवी सांगाड्यांचा त्यांनी अभ्यास केला. अर्थशास्त्रज्ञ डॉ. वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील विविध जातिजमातींच्या शरीरमापनाचा ग्रंथ १९५१ साली सिद्ध केला. पश्चिम खानदेशातील भिल्लांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. डॉ. य. भा. दामले यांच्या सहकार्याने खेड्यातील जातिगटांच्या परस्परसंबंधांची पाहणी १९६३ साली प्रसिद्ध केली. मराठीत ‘मराठी लोकांची संस्कृती’ हा ग्रंथ १९५१ साली आणि इंग्रजीत महाराष्ट्राची भूमी व लोक यांचा परिचय करून देणारा ग्रंथ १९६८ साली आला.

या ग्रंथांमागे किती पायपीट होती याची कल्पना आज करणे कठीण आहे. रस्ते कच्चे, वाहने तुरळक आणि गावात परकी बाई मोजमापाची हत्यारे घेऊन आली की संशयाने पाहणारे गावकरी. ती माणसे आपल्या डोक्याचा घेर आणि नाकाची लांबी मोजू देत, कारण ही बाई त्यांच्या ओसरीवर बसून घरच्या माणसासारखी बोलत असे. आपल्या जिल्ह्यात जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांचे येणेजाणे आहे, त्यांना आदिवासी वाडीवर विश्वास संपादन करणे म्हणजे काय हे समजू शकेल.

आप्तसंबंध : घर म्हणजे काय?

त्यांचा सर्वाधिक गाजलेला शास्त्रीय ग्रंथ म्हणजे भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरचा, १९५३ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ. त्यासाठी त्यांनी उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे देशाचे चार विभाग कल्पिले. प्रत्येक विभागातील नात्यांची नावे, विवाहाचे नियम, संस्कृत-पाली ग्रंथांतील दाखले आणि प्रत्यक्ष पाहणी यांची सांगड घातली.

उत्तरेत मुलगी दूरच्या गावी आणि अनोळखी घरात द्यायची रीत. त्यामुळे सासरी ती परकी असते, चेहरा झाकून वावरते, माहेर आणि सासर ही तिच्यासाठी दोन वेगळी जगे होतात. दक्षिणेत मामा-भाची किंवा मामे-आते भावंडांत विवाह होत असल्याने सासू ही बहुधा आधीच ओळखीची, नात्यातली असते. महाराष्ट्र मध्य विभागात येतो. येथे दोन्ही रीती एकमेकींत मिसळलेल्या आहेत. अनेक जातींत मामेबहिणीशी विवाह संमत आहे, पण उत्तरेचे संस्कारही आहेत. आपल्या समाजातील वाचकांनी या विवेचनाची पडताळणी स्वतःच्या घरात करून पाहावी. राजस्थानातून पिढ्यान्पिढ्यांपूर्वी वऱ्हाडात आलेल्या कुटुंबांत आईच्या गोत्रातील संबंधही टाळण्याची प्रथा चालत आली, तर दक्षिण महाराष्ट्रातील मराठी भाषक जैन कुटुंबांत मामेबहिणीशी विवाह वर्ज्य नव्हता. धर्म एक, मंदिर एक, तरी नात्याचे व्याकरण निराळे. हे असे का, याचे उत्तर इरावतीबाईंच्या ग्रंथात सापडते. त्याच दशकात, १९५९ साली, डॉ. विलास सांगवे यांनी जैन समाजाचे सामाजिक सर्वेक्षण ग्रंथरूपाने सिद्ध केले. समाजाने स्वतःकडे शास्त्राच्या नजरेने पाहण्याचा तो काळ होता.

एकत्र कुटुंबाची त्यांनी केलेली व्याख्या आजही अभ्यासक्रमांत शिकवली जाते. एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचे अन्न खाणारी, मालमत्ता सामाईक असणारी, एकत्र देवपूजा करणारी आणि परस्परांशी आप्तसंबंधाने बांधलेली माणसे म्हणजे एकत्र कुटुंब. या कुटुंबाचे गुणगान करून त्या थांबल्या नाहीत. म्हातारा आजा, विधवा आत्या, पोरका पुतण्या, आजारी दीर या सर्वांना त्या छपराने आधार दिला हे त्यांनी नोंदवले, आणि त्याच छपराखाली धाकट्या सुनेची होणारी घुसमटही लपवली नाही. आधार आणि ओझे या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. ओझे कोणाच्या खांद्यावर पडते ते पाहिल्याशिवाय आधाराचे मोल कळत नाही, ही त्यांची दृष्टी होती.

जात आणि पंगत

हिंदू समाजरचनेविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. एका मूळ समाजाचे तुकडे पडत जाऊन जाती निर्माण झाल्या, असा समज रूढ होता. इरावतीबाईंनी याउलट मांडणी केली. मुळात वेगवेगळे असलेले लहान-लहान गट शेजारी येऊन राहिले, परस्परांशी व्यवहार करू लागले, पण रोटी-बेटीच्या मर्यादा सांभाळत वेगळेच राहिले. महाराष्ट्रातील कुंभारांचे उदाहरण त्यांनी दिले. कुंभार हे नाव एक, धंदा एक, परंतु चाकाचे प्रकार निराळे, शरीरमापे निराळी आणि परस्परांत विवाह नाहीत. जे गुरुवर्य घुर्ये यांच्या मांडणीत बसत नव्हते, तेही त्यांनी पुराव्यानिशी मांडले. बर्लिनमध्ये परक्या मार्गदर्शकापुढे दाखविलेला निर्भयपणा घरच्या गुरूपुढेही कमी पडला नाही.

परंतु जातीचा अभ्यास करणे वेगळे आणि जातीची भिंत स्वतःच्या जेवणाच्या पानापाशी आडवी आलेली पाहणे वेगळे. पंढरीच्या वारीवरील त्यांचा लेख या दृष्टीने मोलाचा आहे. त्या दिंडीसोबत पायी चालल्या. वाटेने ब्राह्मण आणि मराठा वारकरी एकत्र अभंग म्हणत, एकत्र नाचत, पण जेवणाची वेळ झाली की पंगती निराळ्या होत. या दृश्याने त्या अस्वस्थ झाल्या. स्वतः मराठा स्त्रियांच्या पंगतीत बसून जेवल्यानंतर त्या स्त्रियांची वागणूक किती मोकळी आणि आपलेपणाची झाली, हेही त्यांनी नोंदवले. भक्तीने जवळ आलेली माणसे चुलीपाशी पुन्हा दूर होतात, हे सत्य त्यांनी श्रद्धेचा अनादर न करता मांडले.

बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला हा विषय परका नाही. दरवर्षी शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते आणि वाटेवरच्या गावांत सर्व समाजांचे लोक वारकऱ्यांच्या सेवेला उभे राहतात. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे परंपरेने संत चोखामेळा यांचे जन्मगाव मानले जाते. ज्यांना विठ्ठलाच्या दारात उभे राहता आले, पण आत जाता आले नाही, त्या संताच्या भूमीत इरावतीबाईंचा प्रश्न अधिकच टोचतो. आपल्या पंगतीत आज कोण नाही?

वृद्धत्वाकडे पाहताना

वृद्धत्व हा इरावतीबाईंच्या संशोधनाचा स्वतंत्र विषय नव्हता. पण कुटुंबाचा अभ्यास करणाऱ्याला वृद्धांना टाळता येत नाही आणि त्यांच्या तर घरातच एक शतायुषी होते. महर्षी कर्वे यांनी १८ एप्रिल १९५८ रोजी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली, त्याच वर्षी त्यांना भारतरत्न देण्यात आले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी वयाच्या १०५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सासऱ्यांविषयी इरावतीबाईंनी लिहिलेल्या लेखात चौथऱ्यावरचा पुतळा नाही, तर घरात वावरणारा माणूस आहे. त्यांच्या त्यागाची थोरवी आणि त्या त्यागाची झळ सोसलेले कुटुंब, या दोहोंकडे तितक्याच जिव्हाळ्याने पाहिले आहे. वृद्धांचा आदर करणे म्हणजे त्यांना देव्हाऱ्यात बसवणे नव्हे, तर त्यांना माणूस म्हणून ओळखणे, हे त्यातून उमजते.

‘युगान्त’ हा ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला आणि १९६८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महाभारतातील व्यक्तिरेखांकडे त्यांनी देव-दानव म्हणून न पाहता माणसे म्हणून पाहिले. त्यातील भीष्मांवरचा लेख एका अतिवृद्ध पुरुषाचा शोध आहे. ज्याने तारुण्यात सर्वस्व सोडले, त्याला वार्धक्यात कुळाचा कारभार सोडवेना. त्याच्या त्यागाची किंमत इतरांनी, विशेषतः घरातील स्त्रियांनी मोजली. अखेरच्या वयात त्याने सेनापतीपद का स्वीकारले, हा प्रश्न त्या विचारतात आणि युद्ध टाळण्याची ती शेवटची धडपड असावी असे सुचवतात. गांधारीवरच्या लेखात धृतराष्ट्र, गांधारी, कुंती आणि विदुर ही वनात गेलेली वृद्ध माणसे भेटतात. आयुष्यभराचे मान-अपमान, पुत्रशोक आणि चुका यांचा हिशेब ती शांतपणे करतात आणि वणवा पेटला तरी त्यांना पळावेसे वाटत नाही. वार्धक्य हे केवळ दुर्बलता नाही. कोठे धरून ठेवावे आणि कोठे सोडावे, याची ती अखेरची परीक्षा आहे, असे हे लेख वाचताना वाटत राहते. घर असो वा संस्था, पिढीपालटाच्या वेळी ही परीक्षा सर्वांनाच द्यावी लागते.

विस्थापितांची पाहणी

कोयना धरणासाठी ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्या लोकांची पाहणी इरावतीबाईंनी आपली कन्या जाई निंबकर यांच्यासह केली. हा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. देशात धरणे बांधण्याचा उत्साह होता, पण ज्यांनी त्यासाठी घरे सोडली त्यांचे पुढे काय झाले हे पाहायला फारसे कोणी जात नव्हते. अशा काळात आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी हा विषय हाती घेतला. आप्तसंबंधांचा अभ्यास येथे थेट जगण्याच्या प्रश्नाशी येऊन भिडला. नुकसानभरपाईत जमिनीची किंमत धरता येते. पण शेजार, भावकी, ग्रामदेवता आणि ओळखीची वाट यांची किंमत कोण धरणार? तरुण माणूस नव्या गावात पुन्हा रुजतो, म्हाताऱ्याला ते जमतेच असे नाही. पूर्णेच्या काठी जिगाव प्रकल्पामुळे ज्या गावांना उठावे लागले, तेथील वडीलधाऱ्यांना हे कोणी समजावून सांगायची आवश्यकता नाही.

माणूस म्हणून

इरावतीबाईंचे राहणे त्या काळच्या पुण्याला धक्का देणारे होते. कुंकू-मंगळसूत्र न वापरणारी, पतीला नावाने हाक मारणारी आणि स्कूटरवरून शहरातून फिरणारी ही उंचपुरी स्त्री रस्त्याने निघाली की लोक वळून पाहात. पुण्यात स्कूटर चालविणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. मात्र घर त्यांनी दुय्यम मानले नाही. जाई, आनंद आणि गौरी ही त्यांची तिन्ही अपत्ये पुढे आपापल्या क्षेत्रांत नावारूपाला आली. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे यांनी लेखिका म्हणून, तर आनंद कर्वे यांनी ग्रामीण भागाला उपयुक्त अशा तंत्रज्ञानाच्या कार्याने.

‘परिपूर्ती’ या त्यांच्या प्रसिद्ध लेखात एका सभेत त्यांची ओळख थोर सासऱ्यांची सून आणि विद्वान पतीची पत्नी म्हणून करून दिली जाते, तरी काहीतरी राहून गेल्याची रुखरुख त्यांना लागते. वाटेत शाळकरी मुलांच्या बोलण्यातून आपल्या वर्गातील कर्व्याची ही आई, असे कानी पडते आणि ओळख पुरी होते. देशोदेशींच्या विद्यापीठांत मान मिळविलेल्या विदुषीने हे मिस्कीलपणे लिहिले आहे. यात स्त्रीला नात्यांनीच ओळखणाऱ्या समाजाला चिमटा आहे आणि त्या नात्यांविषयी खरे प्रेमही आहे.

त्यांच्या कार्याला मर्यादा नव्हत्या असे नाही. बर्लिनमध्ये शिकलेले शरीरमापनाचे तंत्र त्यांनी अखेरपर्यंत वापरले. वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त नाकारला, तरी त्या सिद्धान्ताने घडवलेली हत्यारे हातातून सुटली नाहीत, असा आक्षेप पुढील अभ्यासकांनी घेतला आहे आणि आनुवंशशास्त्राच्या प्रगतीनंतर त्या मोजमापांचे महत्त्वही ओसरले आहे. परंतु त्या मोजपट्टीने कोणालाही हीन ठरविण्याचे काम त्यांनी केले नाही. गट वेगळे आहेत हे सांगताना गट उच्च-नीच आहेत असे त्यांनी म्हटले नाही.

स्मृती आणि वारसा

११ ऑगस्ट १९७० रोजी पुणे येथे इरावतीबाईंचे निधन झाले. तेव्हा त्या अवघ्या ६४ वर्षांच्या होत्या. शतायुषी सासऱ्यांचे आणि अतिवृद्ध भीष्मांचे अंतरंग उलगडणाऱ्या या विदुषीच्या वाट्याला स्वतःचे वार्धक्य आलेच नाही. ‘गंगाजल’ हा त्यांचा लेखसंग्रह १९७२ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. २०२४ साली त्यांच्या नातीने एका ब्राझिलियन अभ्यासकासह लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र प्रकाशित झाले आणि बर्लिनमधील त्या संशोधनाची कथा नव्या पिढीपर्यंत पोहोचली.

त्यांनी उपस्थित केलेले प्रश्न मात्र वयाने वाढत गेले. पुण्याच्याच गोखले संस्थेतील लोकसंख्याशास्त्रज्ञ कुमुदिनी दांडेकर यांनी १९९६ साली भारतातील वृद्धांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा संसदेने संमत केला. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक भरली आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण जवळजवळ दहा टक्के आढळले. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी, आणि मोठ्या वाड्यात दोनच वृद्ध, हे चित्र चिखली, मेहकर, खामगावातही आता नवे राहिलेले नाही. एक छप्पर आणि एक चूल ही व्याख्या विरत चालली असताना ‘आपली माणसे’ कोणती, हे नव्याने ठरवावे लागणार आहे. पुण्यातील परांजपे कुटुंबाने एका परक्या मुलीला आपली मानले तेव्हा त्याचे एक उत्तर दिले होते. छप्पर आधी मनात उभारावे लागते.

इरावतीबाईंनी मोजपट्टी हातात घेऊन माणसे मोजली आणि अखेरीस हेच दाखवून दिले की, माणसाची योग्यता मोजपट्टीत मावत नाही. जे दिसले ते लिहावे, ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्या पंगतीत जाऊन बसावे आणि वडीलधाऱ्यांकडे भक्तीइतक्याच समजुतीने पाहावे, हा त्यांच्या जीवनाचा बोध आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्या थोर विदुषीच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.